'वेव्ह' आणि उक्तीची सीमा

गूगल या कंपनीने 'वेव्ह' हे नवे संदेशसाधन मे २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या आपल्या विकासक-परिषदेत प्रथम दाखविले, तेव्हा त्याचे प्रात्यक्षिक तासाभराहून अधिक काळ चालले आणि श्रोत्यांनी ते टाळ्यांच्या गजरात पाहिले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सुमारे एक लाख लोकांना निमंत्रणे देऊन ते मर्यादित रूपाने वापरात आले. १९ मे २०१० रोजी ते सर्वांना खुले झाले. आणि ४ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे दार उघडल्यापासून अवघ्या अकरा आठवड्यांत, त्याचा स्वतंत्र विकास थांबवीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. अपेक्षेइतके लोक हे साधन वापरीत नाहीत, एवढेच कारण देण्यात आले. ३० एप्रिल २०१२ रोजी ते कायमचे बंद झाले.

लोक वापरीत नाहीत हे अपयशाचे वर्णन झाले, कारण नव्हे. कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ती बहुतांशी व्यापार आणि तंत्र यांच्या अंगाने झाली. वेव्ह हे भाषिक व्यवहाराचे साधन होते आणि त्याचे अपयशही मुळात भाषिक आहे, ही बाजू त्या चर्चेत जवळजवळ अस्पर्शित राहिली. तिचाच विचार येथे कर्तव्य आहे.

वेव्हचे जनक लार्स आणि येन्स रास्मुसेन हे मूळचे डेन्मार्कचे बंधू. सिडनी येथे त्यांनी स्थापिलेली छोटी कंपनी गूगलने २००४ मध्ये विकत घेतली आणि तीतून पुढे 'गूगल मॅप्स' हा नकाशांचा उपक्रम उभा राहिला. कागदी नकाशाची प्रत पडद्यावर न आणता हाताने सरकविता येईल असा नकाशा निर्माण करणाऱ्या या मंडळींनी तोच प्रश्न पत्रव्यवहाराला विचारला. ई-मेल हे टपालाचे अनुकरण आहे, तात्काळ संदेश हे दूरध्वनीचे अनुकरण आहे. ही अनुकरणे संगणकाच्या बाल्यावस्थेत झाली. आज कोऱ्या पाटीवर आरंभ केला तर संदेशव्यवहाराचे स्वरूप काय असेल, असा तो प्रश्न होता. प्रश्न उत्तम आहे. मात्र त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. टपालातील पत्राला जी बंधने होती ती सर्व कागदाची आणि टपालवाल्याची होती. कागद गेला की बंधनेही गेली, असे हे गृहीत. त्यांपैकी काही बंधने कागदाची नसून उक्तीचीच असतील, ही शंका या प्रश्नाला शिवत नाही.

प्रथम रूढ स्पष्टीकरणांचा परामर्श घेणे उचित होईल. निमंत्रणाची पद्धत चुकली, असे एक मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. गूगलनेच १ एप्रिल २००४ रोजी जीमेल निमंत्रणावर सुरू केले होते व त्याने कुतूहल वाढले होते. परंतु जीमेल मिळालेला मनुष्य पहिल्याच दिवशी जगातील कोणत्याही ई-मेलधारकास पत्र पाठवू शकत होता. वेव्ह मिळालेला मनुष्य मात्र वेव्ह मिळालेल्यांशीच बोलू शके, आणि ज्यांच्याशी त्याला बोलावयाचे असे ते बहुधा बाहेर निमंत्रणाची वाट पाहत असत. वेव्हचा नियमसंच खुला होता, इतर संस्थांनी आपापले सर्व्हर उभारून एकमेकांशी जोडावेत अशी योजना होती. पण चालू ई-मेलशी तिचा रोटीबेटी व्यवहार नव्हता. नवीन काही लिहिले गेल्याची सूचना ई-मेलने देण्याची सोयही आरंभी नव्हती. दुसरे मत असे की साधन संथ होते. लांबलेली वेव्ह ब्राउझरला झेपत नसे. तेही खरे. तिसरे मत, हे साधन नेमके कशासाठी आहे हे कोणास समजले नाही. हे मत सर्वांत अधिक वेळा ऐकू येते आणि सर्वांत कमी तपासले गेले आहे. का समजले नाही? वापरणारे मंदबुद्धीचे नव्हते. प्रारंभीचे निमंत्रित तर बहुधा संगणकक्षेत्रातीलच होते. मे २०१० नंतर निमंत्रणाची अट गेली, तरीही लोक आले नाहीत. तेव्हा न समजण्याचे मूळ साधनाच्या रचनेतच शोधले पाहिजे.

ती रचना अशी. 'वेव्ह' म्हणजे एकाच ठिकाणी, सर्व्हरवर, असलेला एक मजकूर. पत्राप्रमाणे त्याच्या प्रती निघून प्रत्येकाकडे जात नाहीत. सहभागी माणसेच त्या मजकुरापाशी येतात. त्याच्यात 'ब्लिप' नावाचे लहान लहान खंड असतात. कोणीही सहभागी नवा ब्लिप लिहू शकतो, दुसऱ्याच्या ब्लिपच्या मध्यावर आपले उत्तर घालू शकतो, इतकेच नव्हे तर दुसऱ्याचे शब्द बदलूही शकतो. एकजण लिहीत असता त्याची अक्षरे इतरांच्या पडद्यावर एकेक करून, उमटतील तशी, दिसतात. खोडली तर खोडतानाही दिसतात. उशिरा आलेल्यासाठी 'प्लेबॅक'ची सोय आहे: वेव्ह आरंभापासून कशी घडत गेली हे चित्रपटासारखे मागेपुढे करून पाहता येते. याखेरीज मजकुरात शिरून काम करणारे 'रोबॉट' म्हणजे स्वयंचलित सहभागी होते, खेळ आणि नकाशे होते. त्यांचा विस्तार येथे अप्रस्तुत आहे.

या सर्व रचनेत भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी वस्तू अगदी लहान आहे. ई-मेलमध्ये लिहिणे संपले की जेथे 'पाठवा' ही कळ असते, तेथे वेव्हमध्ये 'झाले' या अर्थाची कळ होती. 'पाठविणे' या क्रियापदाला कर्ता लागतो, कर्म लागते आणि ज्याला पाठवावयाचे तो संप्रदानही लागतो. तिन्ही मिळून एक सामाजिक कृत्य होते. पत्र पाठविले म्हणजे लेखकाने मजकुरावरचा आपला ताबा सोडला आणि तो दुसऱ्याच्या स्वाधीन केला. 'झाले' या क्रियापदाला यांपैकी काहीच नको. ती कळ दाबल्याने कोणाच्या स्वाधीन काही होत नसे, कारण जे व्हावयाचे ते पहिल्या अक्षरापासून होऊन गेलेले असे. आणि दाबल्यानंतरही मजकूर पूर्ण होत नसे, कारण पुढच्या क्षणी दुसरा कोणी तो पुन्हा उघडू शके. म्हणजे वेव्हमध्ये सुपूर्त करण्याचे कृत्यच नव्हते. कळ होती ती केवळ त्या जागेची आठवण म्हणून राहिली होती.

रशियन अभ्यासक मिखाइल बाख्तिन याने १९५२-५३ च्या सुमारास लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या भाषिक व्यवहाराच्या प्रकारांवरील निबंधात वाक्य आणि उक्ती यांत भेद केला आहे. वाक्य हे व्याकरणाचे एकक. त्याची सीमा व्याकरण ठरविते. उक्ती हे प्रत्यक्ष व्यवहाराचे एकक. तिची सीमा बोलणारा बदलल्याने पडते. एकाने आपले म्हणणे संपविले आणि दुसऱ्याला वाट करून दिली की उक्ती पुरी झाली. उक्ती पुरी झाल्यावाचून तिला उत्तर देता येत नाही, कारण उत्तर द्यावयाचे ते कशाला, हेच निश्चित नसते. उक्ती एका शब्दाची असो वा संबंध कादंबरीची असो, हा नियम सारखाच लागू पडतो.

मराठी पत्रव्यवहाराच्या परंपरेत ही सीमा किती जाणीवपूर्वक राखली जात असे याचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. शिवकालीन पत्राच्या आरंभी मुख्य मुद्रा असे आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब. उत्तरकालीन कागदांत 'लेखनसीमा' हा शब्द तेच काम करतो. मोर्तबेच्या खाली कोणी एक ओळ वाढविली तरी ती पत्राची होत नसे. सीमेच्या आतील प्रत्येक शब्दाला पाठविणारा बांधलेला आणि सीमेबाहेरच्या एकाही शब्दाला बांधलेला नाही, असा या चिन्हाचा उभयपक्षी अर्थ आहे. हे कागदाचे बंधन म्हणता येणार नाही. कागदावर खाली जागा शिल्लक राहते, आणि ती भरता येते, म्हणूनच मोर्तबेची गरज पडली. माध्यम जे मोकळे सोडते ते व्यवहाराने बांधून घेतलेले आहे.

अक्षरागणिक दिसणारे लेखन हा वेव्हचा सर्वांत गाजलेला विशेष. विकास थांबविल्याच्या घोषणेतही कंपनीने आपल्या नव्या कल्पनांत त्याचा उल्लेख केला होता. वास्तविक ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकव्यवस्थेवर डग ब्राउन याने १९७३ मध्ये 'टॉकोमॅटिक' नावाची योजना सिद्ध केली होती, तीत पाचजणांचे लेखन अक्षरशः उमटेल तसे सर्वांना दिसे. युनिक्स संगणकांवरील 'टॉक' ही आज्ञाही असेच काम करी. परंतु या दोन्ही ठिकाणी प्रत्येकाला पडद्याचा स्वतंत्र भाग नेमून दिलेला असे. एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनात शिरत नसे, आणि जे लिहिले ते संभाषणाबरोबर नाहीसे होई. तेथे ती खरोखर बोलण्याची जागा होती. वेव्हने तीच गोष्ट टिकाऊ आणि सर्वांच्या हस्तक्षेपास खुल्या असलेल्या मजकुरात आणली. हे लेखन तात्पुरते झाकून ठेवण्याची 'मसुदा' ही सोय देऊ असे प्रात्यक्षिकाच्या वेळी सांगितले गेले होते. परीक्षणार्थ लोकांच्या हाती साधन आले त्यात ती चालत नव्हती.

संभाषणात पाळी कशी बदलते याचा मूलभूत विचार हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफर्सन यांनी 'लँग्वेज' या नियतकालिकात १९७४ मध्ये मांडला. बोलणाऱ्याचे वाक्य कोठे संपण्याचा संभव आहे याचा अदमास ऐकणारा आधीच घेत असतो, आणि त्या संभाव्य समाप्तीच्या ठिकाणी पाळी बदलते. म्हणूनच एकाच वेळी दोघांनी बोलण्याचे प्रसंग अनेक असले तरी ते अत्यल्प काळ टिकतात. या अदमासासाठी ऐकणाऱ्याला स्वराचा चढउतार, श्वास, नजर यांचे साहाय्य होते. पडद्यावर सरकणाऱ्या अक्षरांत यांपैकी काहीही नाही. शिवाय टंकनाचा वेग वाचनाच्या वेगाहून फार कमी. वाचणारा प्रत्येक शब्दाशी येऊन ताटकळतो, पुढचा शब्द मनाशी पुरा करतो आणि त्यालाच उत्तर लिहू लागतो. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते त्यांत तर ही अडचण विशेष जाणवावी. मराठीत 'तुमची ही सूचना समितीला एकमताने मान्य' इतके वाचून कोणी आभार मानू लागावे आणि मग 'नाही' उमटावे, असा प्रकार घडण्यास भाषेची ठेवणच वाव देते. इंग्रजीत नकार लवकर येतो. तेथे अपघाताचे स्वरूप वेगळे, पण अपघात होतोच.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. बोलताना तरी अर्धवट वाक्ये, अडखळणे, शब्द बदलणे हे सर्व ऐकणाऱ्यासमोरच घडते; कोणालाही त्याची लाज वाटत नाही. मग लिहिताना तेच दिसले तर बिघडले कोठे? उत्तरासाठी बोलण्यातील आणि लिहिण्यातील दुरुस्तीची रीत पाहावी. बोलणारा मनुष्य चूक पुसू शकत नाही. तो पुढे भर घालतो. 'म्हणजे', 'तसे नव्हे', 'माझ्या म्हणण्याचा अर्थ असा' ही भर घालण्याची साधने प्रत्येक भाषेने तयार ठेवली आहेत, आणि ऐकणाराही हुंकार देऊन दुरुस्तीत सहभागी होतो. लिहिणारा मनुष्य चूक पुसतो, आणि ती पुसली गेली हे कोणास कळणार नाही या भरवशावर पुसतो. वेव्हने पुसण्याची सोय ठेवली आणि भरवसा काढून घेतला. एखाद्या सहकाऱ्याच्या मजकुरापुढे 'हे चूक आहे' असे लिहून ते खोडले आणि 'याचा फेरविचार व्हावा' असे लिहिले, तर बोलण्यात पहिल्या वाक्याचा जो सौम्य निरास झाला असता तो येथे होत नाही. उलट खोडण्याची कृतीच साक्षीदार होऊन उभी राहते. सौजन्य हा भाषेचा मोठा व्यवहार आहे आणि त्याचा बराचसा भाग मसुद्यात घडतो. मसुदा उघड्यावर आला म्हणजे लिहिणारा प्रामाणिक होतो असे नाही. तो लिहिणे अन्यत्र करतो आणि तयार मजकूर आणून डकवितो.

हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी १९९१ च्या एका लेखात संदेशमाध्यमांचे गुण आठ बाबींनी मोजण्याची पद्धत सुचविली. समोरासमोरच्या बोलण्यात सहभागी एकत्र असतात, एकमेकांना पाहतात व ऐकतात, ग्रहण तत्क्षणी होते, दोघांना एकाच वेळी काही पाठविता व स्वीकारता येते आणि क्रम निश्चित असतो; पत्रात हे सहाही नाही, पण मागे जाऊन पुन्हा पाहता येणे आणि धाडण्यापूर्वी सुधारता येणे हे दोन आहेत. एक माध्यम सर्व गुण देत नाही, आणि लोक प्रसंगानुसार माध्यम निवडतात. वेव्हची महत्त्वाकांक्षा शक्य तितके गुण एकत्र करण्याची होती. परंतु तत्क्षणी ग्रहण आणि धाडण्यापूर्वी सुधारणा हे दोन गुण परस्परविरोधी आहेत. एक आला की दुसरा गेला. हाती राहिले ते बोलण्याचे उघडेपण आणि लेखनाचा टिकाऊपणा, म्हणजे दोन माध्यमांतील दोन जोखमी एकत्र. बोलताना शब्द निसटला तर तो हवेत विरतो. पत्रात शब्द टिकतो, पण निसटत नाही. वेव्हमध्ये तो निसटे आणि टिकेही, आणि प्लेबॅकच्या योगे पुन्हा पुन्हा निसटताना दाखविता येई.

कर्तृत्वाचा प्रश्नही याच ओघात येतो. ई-मेलमध्ये दुसऱ्याच्या पत्रातील ओळी उद्धृत करून त्यांच्यामध्ये उत्तरे लिहिण्याची प्रथा जुनीच आहे. पण तेथे उत्तर देणारा आपल्याजवळच्या प्रतीत लिहितो. मूळ पत्र पाठविणाऱ्याच्या दप्तरात अक्षत राहते. वेव्हमध्ये मूळ आणि प्रत असा भेदच नसल्यामुळे हस्तक्षेप मुळातच होई, आणि एका ब्लिपवर दोघातिघांची नावे एकत्र दिसत. अर्व्हिंग गॉफमन याने १९७९ मधील निबंधात 'बोलणारा' या एका शब्दात तीन भूमिका वेगळ्या काढल्या: शब्द उच्चारणारा, शब्दांची निवड करणारा आणि त्या शब्दांना बांधलेला. कारकून, मसुदालेखक आणि अधिकारी या तिघांची कार्यालयातील विभागणी ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल. तिघांची नावे असलेल्या ब्लिपमध्ये कोणता शब्द कोणी टंकिला हे प्लेबॅक लावून शोधता येई. पण त्या म्हणण्याला बांधलेला कोण, याचे उत्तर प्लेबॅकजवळ नव्हते. ते यंत्राने टिपता येण्याजोगे तथ्य नाही. 'हे माझे म्हणणे' असे कोणीतरी म्हणावे लागते.

काळाच्या क्रमाची अशीच गत झाली. पत्रांच्या मालिकेत नवे ते शेवटी असते. वेव्हमध्ये नवे कोठेही असू शके. दहाव्या ब्लिपच्या मध्ये, किंवा कालच वाचून झालेल्या वाक्याच्या पोटात. बदललेला भाग वेगळ्या खुणेने दाखविला जाई आणि स्पेसची कळ दाबीत एका न वाचलेल्या खंडावरून दुसऱ्यावर उडी मारता येई. पण अशा उड्यांनी संदर्भ तुटतो. पंधरावीस सहभागी असलेली वेव्ह दोन दिवस न पाहिलेल्या माणसाला तिच्यात 'काय चालले आहे' हे वाचून समजणे दुरापास्त होई. प्लेबॅक लावावा तर एखाद्या सभेचा सारांश मागणाऱ्याला संपूर्ण सभा पुन्हा भरवून दाखविण्यासारखे ते होते.

हे सर्व दोष निष्काळजीपणाने आलेले नाहीत. ते एका सुंदर तांत्रिक कल्पनेतून ओघानेच आले. एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम केले तरी सर्वांच्या पडद्यावर अखेर सारखाच मजकूर राहावा, यासाठी प्रत्येक कृतीचे इतरांच्या कृतींशी जुळेल असे रूपांतर करण्याची पद्धत १९८९ पासून संशोधकांना परिचित होती. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनसंस्थेतील 'ज्युपिटर' या योजनेने तिला १९९५ मध्ये सर्व्हरच्या मध्यस्थीची जोड दिली, आणि वेव्ह याच पायावर उभी होती. या पद्धतीच्या दृष्टीने मजकूर म्हणजे 'येथे हे अक्षर घाला', 'येथील हे अक्षर काढा' अशा क्रियांची मालिका. तिचे एकक क्रिया आहे; उक्ती तिला दिसतच नाही. यंत्राला सोयीचे एकक थेट वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवण्यात आले. ध्वनिलहरींचा आलेख अचूक असतो, पण तो दाखवून कोणी कोणाशी बोलत नाही.

नावांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ई-मेलची परिभाषा कार्यालयातून आली: पत्ता, मसुदा, प्रत, जोडपत्र. ती अनुकरणाची असल्यामुळेच कोणास शिकवावी लागली नाही. 'वेव्ह' हे नाव 'फायरफ्लाय' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतून घेतलेले होते. तीत परस्परांशी साधलेल्या संपर्कास हा शब्द आहे. साधन मध्येच कोलमडले तर दिसणारी सूचनाही त्या मालिकेच्या बोलीत असे. ज्यांनी मालिका पाहिली त्यांना गंमत वाटली असेल. इतरांपुढे मात्र 'वेव्ह', 'वेव्हलेट', 'ब्लिप' ही नामे आली आणि त्यांना जोडावयाचे क्रियापद आले नाही. वेव्ह पाठवितात, उघडतात, तीत शिरतात, की कोणाला तीत घालतात? नव्या वस्तूला नाव देणे सोपे आहे. तिच्याशी काय करावयाचे ते क्रियापद व्यवहारातून यावे लागते. लोकांना हे साधन 'कशासाठी' ते समजले नाही, या तक्रारीचे भाषिक रूप हेच आहे.

येथे एक प्रतिप्रश्न अटळ आहे. अक्षरागणिक दिसणारे सामूहिक लेखन जर इतके सदोष, तर त्याच कंपनीच्या 'डॉक्स'मध्ये ते आज कोट्यवधी लोक विनातक्रार कसे वापरतात? एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे वेव्ह चालू असतानाच, डॉक्सच्या नव्या संपादकात ही सोय आली. याचे उत्तर वरील विवेचनाला बळकटीच देते. डॉक्समध्ये लिहिणारे एकमेकांशी बोलत नसतात. ते सर्व मिळून एखाद्या तिसऱ्यासाठी काही तयार करीत असतात. अहवाल पुरा होईपर्यंत तो सर्वांचाच मसुदा असतो आणि मसुद्यात पाळी नसते. बोलावयाचे असेल तेव्हा समासात टीप लिहितात. ती टीप नावानिशी असते, तिला उत्तर येते आणि मग ती मिटविली जाते. २०१४ मध्ये तेथे 'सूचना' या स्वरूपात लिहिण्याची सोय झाली. दुसऱ्याच्या वाक्यात केलेला बदल वेगळ्या रंगात, बदल करणाऱ्याच्या नावाने, मान्यतेची वाट पाहत थांबतो. वेव्हने एकत्र कालविलेले पत्र, संभाषण आणि दस्तऐवज हे तीन प्रकार येथे पुन्हा निवडून वेगळे केलेले दिसतात.

जी साधने टिकली त्यांनी उक्तीची सीमा कशी हाताळली हे पाहणे उद्बोधक आहे. वेव्हच्या प्रात्यक्षिकाच्या दोनच महिने आधी, मार्च २००९ मध्ये, जीमेलने प्रायोगिक विभागात 'पाठविलेले परत घ्या' ही सोय दिली. पत्र पाठवा ही कळ दाबल्यावर काही सेकंद ते वस्तुतः रोखून धरले जाते. तेवढ्यात लेखकाचे मन बदलले तर ते निघतच नाही. २०१५ मध्ये ही सोय प्रयोगातून नित्याच्या वापरात आली. एकाच कंपनीच्या दोन दालनांत एकाच वेळी सीमेसंबंधी दोन परस्परविरुद्ध विचार चालू होते: एकीकडे ती पुसून टाकली जात होती, आणि दुसरीकडे ती ओलांडण्यापूर्वी मनुष्याला आणखी चार क्षण उंबरठ्यावर उभे राहू दिले जात होते. २००९ मध्येच अवतरलेल्या व्हॉट्सॲपमध्ये समोरचा मनुष्य लिहीत आहे एवढेच दिसते, काय लिहीत आहे ते दिसत नाही. संभाषणातील श्वास घेण्याचे काम ही खूण करते. पाळी घेतली गेली आहे हे कळते आणि शब्द झाकलेले राहतात. तेथे पाठविलेला संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय २०१७ मध्ये आली, पण काढल्याची खूण मागे राहते. संदेश दुरुस्त करण्याची मुभा मे २०२३ मध्ये मिळाली. तीही पंधरा मिनिटांपुरती, आणि दुरुस्त केल्याची नोंद संदेशाशेजारी दिसते. मोर्तब फोडता येते, पण फोडल्याचे दिसले पाहिजे, हाच तो जुना नियम.

वेव्हचे पुढे काय झाले ते थोडक्यात असे. लार्स रास्मुसेन २०१० च्या अखेरीस फेसबुक कंपनीत गेले. वेव्हची संहिता अपाची प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आली आणि तेथे स्वेच्छेने काम करणाऱ्यांनी काही वर्षे ती जिवंत ठेवली. जानेवारी २०१८ मध्ये तोही प्रकल्प निवृत्त झाला. त्यापूर्वी, ३१ जानेवारी २०१२ पासून मूळ वेव्ह केवळ वाचण्यापुरत्या उरल्या होत्या. कोणाला एक अक्षर घालता येत नव्हते की काढता येत नव्हते. एप्रिलअखेरपर्यंतच्या त्या तीन महिन्यांत प्रथमच प्रत्येक वेव्ह पूर्ण झालेली होती, आणि तिला उत्तर देण्याची सोय मात्र राहिली नव्हती.